पिकअपची उचकी

मिस्त्रींच्या सुनेनं पिकअप प्रसूतिगृहाच्या फाटकातून आत वळवली आणि अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबला. तेवढ्यात गाडीनं दोन आचके दिले, ठसका लागलेल्या माणसासारखी क्षणभर थबकली आणि मागच्या नळीतून असा बार काढला की फाटकावरचा पहारेकरी खुर्चीतून अर्धा उठला. वरच्या मजल्यावर एक बाळ रडायला लागलं. त्याचं ऐकून दुसरं. सून हँडब्रेक ओढून खाली उतरेपर्यंत सगळा मजला सुरात लागला होता.

मोठ्या सिस्टर जिन्यानं खाली आल्या. रागावल्या की त्यांचा आवाज चढायच्या ऐवजी खाली यायचा. इतकी वर्षं बाळांच्या संगतीत काढल्यावर लागलेली सवय.

“पाच मिनिटांपूर्वी झोपली होती हो सगळी,” त्या कुजबुजल्या.

“चुकलं, सिस्टर. गाडी जरा त्रास देतेय.”

“जरा? सोमवारी तेच, बुधवारी तेच, आज तेच. एक बाळंतीण दचकून उठून बसली, टाके ताजे आहेत तिचे. तुमच्या चादरींबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ही गाडी अशी पुन्हा आवारात नको. सोमवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर मला दुसरी लॉन्ड्री बघावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

सुनेनं वाईट वाटून घेतलं, पण दाखवलं नाही. धुतलेल्या चादरींची गाठोडी आत नेली, मळक्या चादरींची बाहेर आणली, आणि गाडी चालू न करता पहारेकऱ्याच्या मदतीनं ढकलत फाटकाबाहेर काढली.

लॉन्ड्री तिची स्वतःची होती. घरामागच्या शेडमध्ये पूर्वी सासऱ्यांचं गॅरेज होतं. त्यांनी काम थांबवलं तेव्हा तिनं तिथं दोन मोठी धुलाई यंत्रं आणि इस्त्रीचं लांबलचक टेबल टाकलं. पिकअपही सासऱ्यांचीच, एकतीस वर्षांची. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तिला सायकलसुद्धा येत नव्हती. याच गाडीवर सासऱ्यांनी तिला शिकवलं होतं. “क्लचवरचा पाय कसा सोडायचा? झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढतो ना, तसा,” ते म्हणाले होते. पंधरा दिवसांत ती चढावरही गाडी मागे न घसरवता उचलायला लागली. तिचा नवरा शाळेत मास्तर. स्क्रू कुठल्या बाजूला पिळला की सुटतो, हे त्याला अजून दर वेळी विचारावं लागे. सासरे चारचौघांत सांगायचे, “मुलगा व्याकरणात वाया गेला. सून मात्र माझ्या लाइनीत आली.”

सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मुलगाही बाहेरच्यांशी बोलताना “आमचे मिस्त्री” असंच म्हणे. त्यांचे कान हीच त्यांची हत्यारं. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते मान न वळवता सांगायचे, “तिसऱ्या सिलिंडरचा प्लग गेलाय, आणि पट्टा सैल आहे.” पण चाळीस वर्षं उघड्या इंजिनांवर वाकून राहिलेल्या त्या कानांनी शेवटी हिशेब चुकता केला. आधी डावा गेला, मग दोन वर्षांत उजवाही. कानात घालायचं यंत्र आणलं होतं. मिस्त्रींनी आठवडाभर घातलं आणि काढून ठेवलं. “चमचा पडला की डोक्यात घंटा वाजते आणि माणूस बोललं की गुळण्या केल्यासारखं ऐकू येतं. त्यापेक्षा शांतता बरी.”

शांतता बरी म्हणाले खरे. पण हळूहळू ते जेवायला सगळ्यांच्या आधी बसायला लागले आणि सगळे बसायच्या आत उठायला लागले. कुणी हसलं की आपणही हसायचे, कधीकधी चुकीच्या जागी. दिवसभर शेडमध्ये उशांचे अभ्रे घड्या घालत बसायचे. कडेला कड अशी की जणू इंजिनच्या सांध्यात गॅसकेट बसवतायत. आणि घरात, कुणाच्या लक्षात न येता, एक सवय पडून गेली होती. काही सांगायचं झालं की एकदा मोठ्यानं सांगायचं, मग आणखी मोठ्यानं, आणि तिसऱ्यांदाही “काय?” आलं की हात हलवून म्हणायचं, “काही नाही. राहू द्या.”

गाडीचं दुखणंही सुनेनं त्यांना सांगितलं नव्हतं. एक तर सांगायला अर्धा तास आणि घसा, दोन्ही लागणार. शिवाय तिला वाटायचं, ऐकू येत नसताना गाडीच्या आवाजाबद्दल त्यांच्याशी बोलायचं म्हणजे उपाशी माणसासमोर पंगतीचं वर्णन करण्यासारखं आहे. म्हणून गेल्याच आठवड्यात तिनं आधी गाडी बाजारपेठेतल्या गॅरेजात नेली होती. तिथल्यानं प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलची गाळणी नवी घातली. दोन दिवस गाडी बरी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा बार. मग ती दुसऱ्या, चकचकीत गॅरेजात गेली. तिथल्या पोरांनी संगणक आणला, पण त्याची तार लावायला या गाडीला भोकच नव्हतं.

त्या चकचकीत गॅरेजचा मालक मात्र चांगला माणूस. शनिवारी सकाळी स्वतः घरी आला. अंगणात बॉनेट उघडून दहा मिनिटं बघत राहिला. गाडी चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला. बार निघाला तशी झाडावरची सगळी पाखरं उडाली. मिस्त्री शेडच्या दारात स्टुलावर बसून अभ्रे घडी करत होते. पाखरं उडताना दिसली तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली.

“ताई, खरं सांगू?” मालक म्हणाला. “नाव पिकअप, पण पिकअपच घेत नाही. हिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. भंगारात द्या.”

“मिस्त्रींची गाडी आहे हो.”

“माहितेय ना. मी त्यांच्याच हाताखाली पाना धरायला शिकलोय. पण त्यांना तरी आता काय कळणार आहे? आवाज तर येत नाही त्यांना.” आणि जाताना वाकून मिस्त्रींच्या पाया पडून गेला.

मिस्त्रींनी हातातला अभ्रा मांडीवर ठेवला. “काय म्हणाला तो?”

सुनेला सोमवार दिसत होता, मोठ्या सिस्टर दिसत होत्या. “काही नाही, बाबा,” ती म्हणाली आणि शेडमध्ये शिरली.

त्या दिवशी मिस्त्री दुपारच्या चहाला आले नाहीत. सून कप घेऊन खोलीत गेली, तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेले नव्हते; खांदा जागा दिसत होता. तिनं कप स्टुलावर ठेवला. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा चहा तसाच, वर साय धरलेली. मिस्त्रींनी चहा न पिता ठेवला असं तिनं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

रविवारी उजाडल्यावर ती पाणी भरायला उठली आणि खिडकीतून बघते तर मिस्त्री अंगणात गाडीपाशी. जुनी लोखंडी पेटी बाहेर निघाली होती. बाह्या वर सारून, दोन्ही तळवे बॉनेटवर टेकून ते उभे होते, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसे. ती चपला न घालताच बाहेर गेली.

“बाबा, काय करताय?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “भ म्हणताना ओठ मिटतात,” ते म्हणाले.

“अं?”

“भंगार. ओठ मिटतात, मग आ वासतो. जन्म गेला माझा त्या शब्दाच्या वाटेला जाऊ नयेत म्हणून गाड्या धरून ठेवण्यात. एवढा एक शब्द मी लांबूनही वाचतो.” ते बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, “आधी वाटलं, माझ्याबद्दलच बोलताय.”

असं म्हणून ते हसले. विनोद म्हणूनच म्हणाले होते. सुनेला मात्र हसू आलं नाही.

“ऐकू येत नाही याचं मला फारसं वाटत नाही,” मिस्त्री गाडीकडे बघत म्हणाले. “म्हातारपण आलं, एकेक नट ढिला होणारच. पण तुम्ही लोक काहीतरी मोठं बोलता, तासभर बोलता, हसता, भांडता. मी विचारलं की म्हणता, काही नाही. एवढ्या सगळ्याचं काही नाही? परका माणूसही दोन वाक्यं सांगतो गं. तू तरी असं म्हणायचं नव्हतंस.”

सुनेनं त्यांच्या समोर येऊन उभं राहून, ओठ नीट हलवून सांगितलं, “चुकलं माझं, बाबा.”

“काय?”

ती दुसऱ्यांदा म्हणाली. तरी त्यांना कळलं नाही. मग तिनं वाकून, जमिनीवरच्या धुळीत बोटानं लिहिलं: चुकलं. मिस्त्रींनी वाचलं आणि चपलेनं पुसून टाकलं.

“बरं. आता गाडीबद्दल बोल. मला सांग, आवाज कसा येतो?”

“फट्ट असा. मोठा,” ती हातांनीही दाखवत म्हणाली.

“फट्ट सगळ्याच गाड्या करतात. कुठून येतो? पुढून की मागून? म्हणजे बघ…” मिस्त्री क्षणभर अडखळले. समोर सून होती. मग त्यांनी ठरवून टाकलं. “शिंक आहे की पाद?”

सून बघतच राहिली. घरात तिच्यासमोर हा शब्द त्यांनी कधी काढला नव्हता. मग तिला असं हसू फुटलं की ती मडगार्डला धरून खाली बसली. मिस्त्रींचा चेहरा आधी लाल झाला आणि मग तेही हसायला लागले, आणि या वेळी बरोबर जागी. खिडकीत मास्तर टूथब्रश तोंडात धरून उभा होता. “काय झालं?” त्यानं विचारलं.

“निदान चाललंय,” सून म्हणाली.

“हसतेस काय, शास्त्र आहे ते,” मिस्त्री म्हणाले. “इंजिन कार्बोरेटरच्या तोंडातून शिंकलं तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा चोरून आत येतेय. सायलेन्सरमधून सुटलं तर पेट्रोल न जळता मागे जातंय आणि तिथं पेट घेतंय. बोल, कुठलं?”

“दुसरं,” सून डोळे पुसत, मागच्या नळीकडे बोट दाखवत म्हणाली. “नक्की दुसरं.”

मग मिस्त्रींनी प्रश्नांची सरबत्ती लावली. थंड असताना होतं की तापल्यावर? दोन्ही वेळी. चढावर की सपाटीवर? दोन्हीकडे. एकदाच की लागोपाठ? सुनेला जाणवलं, रोज गाडीत बसून आपण तो आवाज सोसला, पण ऐकला नाही. अर्ध्या प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नव्हतं. “चल,” मिस्त्री म्हणाले, “एक चक्कर मारू. तू कान हो. मी बाकीचा होतो.”

ती गाडी चालवत होती आणि मिस्त्री शेजारी, एक तळवा डॅशबोर्डवर, चपला काढून दोन्ही पाय पत्र्यावर सपाट टेकवलेले. गाडी चालवताना ती त्यांच्याकडे तोंड करून बोलू शकत नव्हती. म्हणून ठरलं असं, की अडखळली की तिनं तर्जनी उचलायची, बार निघाला की मूठ उघडायची. रविवारच्या रिकाम्या रस्त्यावरून ते दोघं तिसऱ्या गिअरात चालले होते. ती पाय दाबायची, तर्जनी वर. पाय सोडायची, तर्जनी वर, लगेच मूठ उघडी. मग मिस्त्रींनी हातानंच खूण केली: पाय आहे तिथंच ठेव. तिनं ठेवला. मैलभर गाडी पाण्यावर होडी सरकावी तशी गेली. तर्जनी स्टिअरिंगवरच राहिली.

घरी येऊन मिस्त्री म्हणाले, “बघितलंस? पाय स्थिर तर गाडी स्थिर. पाय हलला की हिला उचकी. म्हणजे हलणाऱ्या एखाद्या गोष्टीतच दुखणं आहे. ते शोधायचं.”

शोधायला सोपं वाटलं तसं ते नव्हतं. आधी त्यांनी कार्बोरेटरवरचं झाकण काढलं आणि आत बघत तिला अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढायला लावली. पेट्रोलची बारीक, सरळ धार सुटली. ते ठीक. मग साबणाचं पाणी घेऊन त्यांनी इंजिनच्या सांध्यांवर ब्रशनं सोडलं, “आवाज बदलतो का बघ, हवा चोरत असेल तर बदलेल,” म्हणाले. सून एक कान खाली करून उभी राहिली. आवाज बदलला नाही. तिनं मान हलवली. “नक्की?” तिनं आणखी एकदा ऐकलं, या वेळी डोळे मिटून. इतकी वर्षं एकसंध गुरगुर वाटलेल्या त्या आवाजात चार वेगळे ठोके आहेत, पट्ट्याची बारीक शीळ आहे, आणि खाली कुठंतरी पाण्याचा पंप दाणे दळल्यासारखा वाजतोय, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती ते त्यांना सांगायला लागली, अडखळत, हातांनी. मिस्त्री तिच्या ओठांवरून नजर हलवत नव्हते.

“दाणे दळल्यासारखा? जाड की बारीक?”

“जाडसर. भरड.”

“पंपाचं बेअरिंग. वर्षभर टिकेल अजून,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू जुन्या मित्राची ख्यालीखुशाली कळली.

प्लगच्या तारांतून ठिणगी बाहेर पळत असेल तर ती अंधारात दिसते. पण दिवस डोक्यावर आलेला. मिस्त्रींनी पावसाळ्यात गाठोड्यांवर घालायची ताडपत्री आणली, उघड्या बॉनेटवरून टाकली, आणि इंजिन चालू ठेवून दोघं आत शिरले. आत काळाकुट्ट अंधार, गरम ऑइलचा वास आणि अंगभर थरथर. सून डोळे फाडून बघत होती. एकही निळी रेघ नाही. काही दिसत नाही, असं सांगायचं तर त्या अंधारात तिचे ओठ त्यांना दिसणार नव्हते. मग तिनं चाचपून त्यांचा हात शोधला आणि धरून डावीउजवीकडे हलवला. नाही. तिच्या हातातला तो हात खरखरीत, तेलकट आणि अंगापेक्षा थंड होता, आणि जरासा कापत होता. तो कंप इंजिनचा नव्हता. तिनं लगेच सोडला नाही.

बाहेर आले तेव्हा मिस्त्री थकलेले दिसले. पायरीवर बसले. मास्तर दोघांना चहा घेऊन आला, आणि गाडीकडे बघून म्हणाला, “एवढं सगळं उघडलंय, ते परत बसणार ना?” मिस्त्रींनी त्याचे ओठ वाचले आणि सुनेला म्हणाले, “याला सांग, उरलेले नट आम्ही त्याच्या डोक्यात बसवू.” कप मात्र दोन्ही हातांनी धरून तळापर्यंत संपवला.

चहानंतर पायरीवर बसूनच ते उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असल्यासारखा दाबून सोडून बघत राहिले. मग एकदम उठले. “अगं, पाय हलवला की आणखी एक गोष्ट हलते की! विसरलोच.”

डिस्ट्रिब्युटर म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटून देणारी वाटीएवढी डबी. तिच्या बाजूला एक पडदा असलेलं छोटं डबडं असतं आणि त्यातून एक रबरी नळी कार्बोरेटरकडे जाते. पाय कमीजास्त झाला की इंजिन त्या नळीतून हवा ओढतं आणि डबीच्या आतली तबकडी कणभर फिरते. मिस्त्रींनी टोपण काढलं. आत, तबकडीवर, ठिणगी पाडणारे पॉइंट होते आणि बाहेरून त्यांच्याकडे येणारी एक बोटभर लांबीची वायर. वरून बघता चांगली गुळगुळीत.

त्यांनी पेटीतून मीटर काढला. दोन टोकं वायरच्या दोन अंगांना टेकवायची. वायर सलग असेल तर मीटर शीळ घालतो. “शीळ मला ऐकू येणार नाही,” ते म्हणाले. “टोकं तू धर. वाजत असेल तोवर मान हलवत राहा.”

मीटर वाजत होता. सून मान हलवत होती. मिस्त्रींनी कार्बोरेटरकडची नळी उपसली, तिचं टोक तोंडात धरलं आणि गाल आत ओढून हवा खेचली. बहात्तर वर्षांचा माणूस शहाळं प्यायल्यासारखा इंजिनला तोंड लावून बसलेला. आतली तबकडी जराशी फिरली.

शीळ तुटली. अर्धा क्षण, आणि पुन्हा लागली.

सुनेला वाटलं, आपलाच हात हलला. तिनं टोकं पुन्हा घट्ट दाबली. मिस्त्रींनी तोंड सोडलं. तबकडी परत आली. आणि अर्ध्या वाटेवर शीळ पुन्हा तुटली.

“बाबा!” ती ओरडली. ओरडायची काही गरज नव्हती. मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते, आणि तिथं सगळं लिहिलेलं होतं.

“सापडला चोर?”

तिनं इतक्यांदा मान हलवली की केसांची पिन निसटून इंजिनमध्ये पडली, आणि ती शोधण्यात पुढची दहा मिनिटं गेली.

वायर सोडवून मिस्त्रींनी ती दोन बोटांत वाकवली. वरचं रबरी आवरण शाबूत, आतली तांब्याची तार मात्र मधोमध तुटलेली. सरळ असताना दोन्ही टोकं एकमेकांना चिकटून राहायची, मुरड पडताना सुटायची. “हलली की ठिणगी दांडी मारायची,” ते म्हणाले. “तेवढ्यात पेट्रोल न जळता मागे जायचं. पुढची ठिणगी आली की तिथंच भडका. आणि बघणारा प्लग बदलतोय, कार्बोरेटर धुतोय. त्या बिचाऱ्यांची चूक नाही. वरून काही दिसतच नाही.”

नवी वायर साधी चालणार नव्हती. रोज हजार वेळा मुरडायची तर तार केसासारखी बारीक आणि मऊ हवी. रविवारी दुकानं बंद. मिस्त्रींनी पेटी उपसली, मग थोडा विचार करून मीटरच्याच काळ्या वायरचा बोटभर तुकडा कापला. “ही सगळ्यांत मऊ.” डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी तापवली आणि तिच्या हातात दिली. “तू लाव. माझा हात आता डाग सरळ देत नाही.” हे ते अगदी सहज म्हणाले, पाणी दे म्हणावं तसं. सुनेनं श्वास रोखून दोन्ही टोकांना डाग दिला. पहिला गोळा झाला. मिस्त्रींनी “काढ” म्हटलं. दुसरा चपटा, चकचकीत बसला. त्यांनी भिंगातून बघितलं आणि काहीच न बोलता टोपण बसवायला घेतलं. त्यांचं काही न बोलणं म्हणजे पैकीच्या पैकी गुण, हे तिला गाडी शिकतानापासून ठाऊक होतं.

संध्याकाळी पुन्हा त्याच रस्त्यानं चक्कर मारली. तिनं पाय दाबला, सोडला, एकदम दाबला, एकदम सोडला. तर्जनी वर गेली नाही. मिस्त्रींचा तळवा डॅशबोर्डवर होता आणि डोळे मिटलेले होते. वळणावर तिनं चोरून पाहिलं तर ते हसत होते.

सोमवारी चादरी पोचवायला निघताना ते न विचारताच शेजारी येऊन बसले. धुतलेला सदरा, भांग पाडलेला. प्रसूतिगृहाच्या आवारात पिकअप शिरली ती मांजरीसारखी. मोठ्या सिस्टर जिन्यात उभ्याच होत्या. तोंडावर मास्क होता. त्या मिस्त्रींकडे बघून काहीतरी बोलल्या.

“सिस्टर, तोंडावरचं ते फडकं खाली घ्या,” मिस्त्री म्हणाले. “मला कान नाहीत, मी डोळ्यांनी ऐकतो.”

सिस्टरांनी मास्क खाली केला आणि सवयीनं कुजबुजल्या, “तुम्हीच दुरुस्त केलीत?”

“आम्ही दोघांनी. आणि तुम्ही खुशाल कुजबुजा. ओरडलात काय, कुजबुजलात काय, मला सारखंच.”

सिस्टर हसल्या. मग त्यांनी मिस्त्रींना वर नेऊन काचेतून बाळं दाखवली. सून गाठोडी घेऊन वर गेली, तर मिस्त्री काचेला नाक लावून, एकेका बाळाचं तोंड कसं उघडतंय ते बघत होते. “तो कोपऱ्यातला रडतोय,” ते तिला म्हणाले, “पण मनापासून नाही.”

परतताना तिला त्यांना खूप काही सांगायचं होतं. पण मिस्त्रींशी बोलायचं तर तोंड त्यांच्याकडे हवं, आणि तोंड त्यांच्याकडे केलं तर गाडी झाडाकडे. म्हणून पहिल्यांदा तिनं गाडी एका पिठाच्या गिरणीसमोर बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि त्यांच्याकडे वळून सांगितलं की त्या चकचकीत गॅरेजवाल्यालाही तुटकी वायर दाखवायला हवी. ते म्हणाले, जरूर, पण चारचौघांत नको. ती पुन्हा निघाली. पुढच्या वळणावर तिला आठवलं की मास्तरच्या शाळेत एका मुलीनं निबंधात “माझा आवडता प्राणी: माझे सर” असं लिहिलंय. हे सांगायला थांबणं भागच होतं. मिस्त्रींना “प्राणी” कळेना. तिनं दोन वेळा सांगितलं, मग कागदावर लिहिलं, आणि ते इतके हसले की मागून येणारा टेम्पोवाला काय झालं म्हणून खाली उतरून बघायला आला.

वीस मिनिटांचा रस्ता. त्यांना सव्वा तास लागला. पाचव्यांदा तिनं गाडी बाजूला घेतली तेव्हा मिस्त्रींनी काळजीनं विचारलं, “आता काय झालं?”

“भाजी काय करू?” सून म्हणाली.

“काय?”

“भाजी,” ती म्हणाली, आणि सगळ्या भाज्यांची नावं एकामागून एक, सावकाश, ओठांनी सांगायला लागली.